चिनी माती, तेलरंग आणि एक साखरपुडा

माझी चित्रं बावीस वर्षं आमच्या घरात निरनिराळ्या कामांना होती. एक मोठं चित्र कपाटामागं उभं होतं, म्हणजे झुरळं तिथून पलीकडं जात नसत. दोन माळ्यावर पापडाच्या डब्यांखाली होती. आणि उन्हाळा संपून कूलर काढला की खिडकीत जे चौकोनी भगदाड राहतं, ते झाकायला बोरीच्या झाडाचं एक चित्र अगदी मापात बसायचं. रंगवलेली बाजू आत ठेवायची की बाहेर, यावरून आमच्या ह्यांचं आणि माझं एकदा वाजलंही होतं. बाहेर ठेवली तर पावसानं रंग जाईल, असं माझं म्हणणं. आत ठेवली तर खोली अंधारी वाटते, असं त्यांचं. शेवटी बाजू आतच राहिली, पण ह्यांनी त्यावर कॅलेंडर लावलं.

मी घाटनांदूरला शाळेत चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे आठवड्यातून जे दोन तास कागदावर माझे असतात, त्यातला एक गणिताचे सर मागून नेतात आणि उरलेल्यात मी मुलांना मोर काढू देत नाही. सगळ्यांना मोरच काढायचा असतो. मी म्हणते, खिडकीतून दिसतं ते काढा. मग ती खिडकीत बसलेला मोर काढतात.

तेलरंगात मी फक्त घरी, रविवारी काम करायची. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरात भरला की शेजारीण विचारायची, "बाई, चटणी करायलाव का फवारणी?" कुणाला दाखवायला म्हणून मी ती चित्रं काढत नव्हते. एकदाच, नोकरीच्या सुरुवातीला, शिक्षकांच्या एका मेळाव्यात एक चित्र नेलं होतं. पाहुण्यांनी ते पाहिलं, मला विचारलं, "किती दिवस लागले?" मी म्हणाले, "दोन महिने." "बरंय, बरंय," असं म्हणून ते पुढं गेले. पुढं भरतकामाचे रुमाल होते, तिथं ते बराच वेळ थांबले. तेव्हापासून मी काही नेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत असताना मोर न काढणारी ही एकटीच. ती खिडकीचा कोयंडा काढायची. तिचे अब्बा गावात ट्रॅक्टरचे मेकॅनिक. बारावीनंतर ती मोठ्या शहरात चिनी मातीच्या कामाचं शिक्षण घ्यायला गेली, तेव्हा अब्बांना लोक विचारायचे, पोरगी काय शिकतेय. ते सांगायचे, "इंजिनिअरिंग." कसलं, असं विचारलं की थोडं थांबून म्हणायचे, "माती का."

तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाडगा काढून माझ्या हातात दिला. बाहेरून खरखरीत, आतून काळपट तपकिरी, गुळाच्या पाकासारखा चकचकीत.

"मॅडम, ओळखा कशाचा रंग हाय."

मी दोन-तीन रंगांची नावं घेतली. ती मान हलवत राहिली. मग हसून म्हणाली, "आपली काळी माती. आमच्या मागच्या रानातली. भट्टीत जास्त तापवली की वितळून काच होते तिची. भांडं दुसऱ्या मातीचं, बाहेरून आणलेल्या. वरची काच तेवढी गावची."

मी बावीस वर्षं त्या काळ्या मातीचा रंग कॅनव्हासवर आणायला धडपडत होते. दोन-दोन रंग मिसळून, जांभळा घालून, तेल वाढवून. आणि ही पोरगी तीच माती उचलून वाडग्याला फासून आली होती! मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. तो राग मी चहात साखर ढवळण्यात काढला.

"मॅडम, आपण दोघी मिळून प्रदर्शन लावू या का? तुमची चित्रं, माझी भांडी. एका चित्रापुढं एक भांडं."

"कुठं?"

"इथंच. घाटनांदूरला."

"कोण येणार बघायला?"

"न्हाई आलं कुणी तर आपण बघू," ती म्हणाली. तिच्या मागं खिडकीत कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरच्या मागं बोरीचं झाड. तिनं उठून ते कॅलेंडर काढलं. इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं.

अब्बांनी गॅरेजच्या मागच्या बाजूला तिच्यासाठी भट्टी बांधली होती. तेलाचं जुनं लोखंडी पिंप, आतून उष्णता धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या लोकरीसारख्या थराचं अस्तर, खालून गॅसचा जाळ, आणि दाराला आत बघायला बोटभर भोक. मी पहिल्यांदा गेले त्या सकाळी भट्टी पेटलेली होती. पोरीकडं उष्णता मोजायचं यंत्र होतं, ती आकडे वहीत लिहीत होती. अब्बा वहीकडं बघत नव्हते. ते डोळा बारीक करून भोकातून बघायचे आणि सांगायचे, "अभी नारंगी हाय. पिवळा होऊ दे." अर्ध्या तासानं पुन्हा, "हौ, आता झाला." यंत्रही तेच सांगत होतं. आयुष्यभर लोखंड तापवलेला माणूस, रंगांचं माझ्याहून जास्त कळत होतं त्यांना.

भट्टी थंड व्हायला पूर्ण दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आत वीसेक वाडगे, झाकणाचं एक भांडं, एक उंच सुरई आणि एक पसरट निळी ताटली होती. बाभळीची राख घालून केलेला हिरवट रंग काही वाडग्यांवर ओघळून खाली गोठला होता. अब्बांनी एक वाडगा उचलून नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. इंजिनाचा आवाज ऐकतात तसा. "सही हाय," ते म्हणाले आणि पान्हा उचलून कामाला गेले.

मग आमची भांडणं सुरू झाली.

माझी अकरा चित्रं ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली होती. विहीर, मेंढरं, स्टेशनवरचा रिकामा बाक, ज्वारीचं रान, सासूबाईंचं शिवणयंत्र, अब्बांचं गॅरेज, बोरीचं झाड आणि अशीच बाकीची. तिनं भांडी मधे मांडली. मी लगेच सुरई उचलून विहिरीच्या चित्रापुढं ठेवली.

"मॅडम, हे परीक्षेत असतंय तसं झालं. जोड्या लावा."

"मग? पाणी आणि सुरई. चूक काय त्यात?"

"चूक न्हाई. पण बघणाऱ्याला कळलं की तो पुढं निघाला. टिकमार्क केली अन् चालला."

तिला रंगावरून जोड्या हव्या होत्या, मला विषयावरून. ती शिवणयंत्रापुढं हिरवा वाडगा ठेवायची, मी तिची पाठ वळली की उचलायची. दोन रविवार असे गेले. मी तिची शिक्षिका आहे याची मी तिला आठवण करून दिली, आणि तिनं मला आठवण करून दिली की मीच तिला सांगितलं होतं, दिसतं ते काढ, माहीत असतं ते काढू नको. शेवटी सहा जोड्या तिच्या, पाच माझ्या, असा तह झाला. विहीर-सुरई माझ्यात आली.

अंबाजोगाई रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या मालकांनी तीन दिवस हॉल दिला. त्या दिवसांत मुहूर्तच नव्हता. अब्बांनी लोखंडी पट्ट्या जोडून चित्रं टांगायच्या चौकटी करून दिल्या. कार्यालयातली अकरा स्टुलं मी पांढऱ्या धोतरांनी झाकली आणि प्रत्येकावर एक भांडं ठेवलं. उरलेले लहान वाडगे एका लांब टेबलावर ओळीनं मांडले. माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हा जाड पुठ्ठ्यावर 'कृपया हात लावू नये' अशा बारा पाट्याही मी केल्या. पोरीला त्या आवडल्या नाहीत. "मॅडम, भांड्याला हात न्हाई लावायचा तर काय करायचं?" ती म्हणाली. पण पाट्या इतक्या सुबक झाल्या होत्या की मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी शुक्रवार होता. मुख्याध्यापकांनी फीत कापली. शाळेची मुलं रांगेनं येऊन रांगेनं गेली. मग गावातले काही लोक आले. मी नवी साडी नेसून दाराशी उभी होते आणि माझ्या लक्षात येत होतं की प्रत्येक जण आत येतो, पाटी वाचतो आणि भांड्याला हात लावतो. वाडगा उचलायचा, उलटा करायचा, टिचकी मारायची, वजन बघायचं. माझ्या चित्रांकडं जाता जाता नजर टाकायची. एका गृहस्थांनी तर काळा वाडगा हातात घेऊन कौतुकानं विचारलं, "लई भारी हायत भांडी. अन् मागं भिंतीला हे कावून लावलंय?"

"ती माझी चित्रं आहेत," मी म्हणाले.

"अस्सं! मला वाटलं, शोभंसाठी."

मुख्याध्यापकांनीही निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "एका चित्राला किती दिवस लागतात हो?"

संध्याकाळी घरी जाताना मी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही. पोरीला ते कळलं. ती माझ्या स्कुटीमागं बसली होती. म्हणाली, "मॅडम, भांडं हातात येतंय म्हणून बघतेत. चित्राला जरा वेळ लागतोय." मी म्हणाले, मला काही वाटलं नाही. खोटं होतं ते. मला चांगलंच लागलं होतं. ज्या पोरीला मी पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं, तिच्या वाडग्यांमागं माझी बावीस वर्षं पडद्यासारखी टांगली होती, असं मला वाटत होतं. रात्री जेवताना हे म्हणाले, "तुझी विहीर मात्र चांगली दिसते हॉलमध्ये." मी म्हणाले, "वरण वाढू का?"

शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघी कार्यालयात पोचलो तर दारात रांगोळी, आत मांडवाचे कापडी पडदे आणि लाऊडस्पीकरवर सनई. मालक धावतच आले.

"मॅडम, हात जोडतो. माझ्या साडूची पोरगी. काल बैठक झाली, जमलं, अन् नवऱ्याकडचे म्हणायलेत आजच साखरपुडा उरकून घेऊ. पाहुणे मुक्कामालाच हायत. आता कुठं जायचं त्यांनी? चार तासांचं काम हाय फक्त. तुमच्या फोटोंना कुणी हात लावणार न्हाई."

"चित्रं," मी म्हणाले.

"हां, चित्रांना."

आत जवळपास दोनशे माणसं होती. स्टुलं भिंतीला सरकवली होती, पण भांडी जागेवर होती, चित्रंही. लग्नघरच्या लोकांना वाटलं होतं की सजावट कार्यालयाचीच आहे. नवरी मुलगी माझ्या ज्वारीच्या रानासमोर बसून फोटो काढून घेत होती आणि खरं सांगते, शोभून दिसत होती. आम्ही एकमेकींकडं बघितलं. काय करणार? पोरगी म्हणाली, "चला, तवर अब्बांकडं जाऊन चहा पिऊ." आम्ही गेलो. गॅरेजवर गप्पांत दीड-दोन तास गेले. परत आलो तेव्हा पंगत बसली होती.

आधी माझ्या लक्षात काही आलं नाही. मग मला तो काळा वाडगा दिसला. त्यात दही होतं.

लांब टेबलावर एकही वाडगा उरला नव्हता. सगळे वाढपाच्या टेबलावर. एकात ठेचा, एकात शेंगदाण्याची चटणी, एकात लोणचं, दोन-तीनात चिरलेला कांदा आणि लिंबाच्या फोडी. सुरईत ताक. निळ्या ताटलीत पेढे. स्टुलं रिकामी. आणि माझ्या बारा पाट्या उलट्या करून वाढपाच्या टेबलावर उभ्या केलेल्या. मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी लिपस्टिकनं लिहिलं होतं, 'तिखट', 'कमी तिखट', 'गोड'.

मी ओरडायच्याच बेतात होते. हाताखालच्या पातेल्यातून दही वाढणाऱ्या नवरीच्या आत्याबाईंनी माझ्याकडं बघून आपणहून खुलासा केला.

"केटरिंगवाल्यानं वाट्या कमी आणल्या की हो. बरं झालं, तुमच्या कार्यालयात इतकी छान भांडी हायत. कुठून आणली?"

"आत्याबाई, ते प्रदर्शन आहे! पाट्या होत्या की!"

"पाट्या व्हय? हां. आमी म्हटलं, कुणीतरी नावं लिहायला कोऱ्या ठेवल्यात."

मी पुढं झाले तेव्हा पोरीनं माझं मनगट धरलं. घट्ट. मी तिच्याकडं बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ही रडते. पण ती हसत होती.

"मॅडम, दही बघा," ती म्हणाली. "काळ्यात पांढरं कसं उठलंय बघा."

खरंच उठलं होतं. ती हळूहळू टेबलाच्या कडेनं चालत गेली, एकेका वाडग्यापाशी थांबत. हिरव्या वाडग्यात लाल ठेचा. खरखरीत पांढऱ्यात लोणच्याचं तेल. लोक बोटं चाटत होते, वाडगा ओढत होते, परत मागत होते. मी तिच्या कानाशी कुजबुजले, "अगं, त्या रंगात काही विषारी नाही ना?" "न्हाई हो. खायच्याच भांड्यांचा रंग हाय, शिसं नसतंय यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "कॉलेजात चार वर्षं भांडी केली, मॅडम. काचेच्या कपाटात ठेवली, मार्क पडले. पण आजपतुर कुणी त्यात जेवलं नव्हतं."

आत्याबाईंना खरा प्रकार कळल्यावर त्या ओशाळल्या, पण फार वेळ नाही. त्यांनी आम्हा दोघींना ताटं दिली, समोर बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. एक वाडगा फुटला, तोही त्यांच्याच हातून. "अगं बया!" असं म्हणून त्या खाली बसल्या. पोरगी म्हणाली, "फुटू द्या आत्या. मी करते दुसरा." अब्बाही तोवर आले होते. कुणी बोलावलं होतं की जेवणाचा वास आला होता कोण जाणे. त्यांनी आपल्या लेकीच्या वाडग्यातलं ताक पिऊन मिशी पुसली आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, "मेरी बच्चीनं बनवलंय. भट्टी मी केली."

चारच्या सुमाराला मांडव मोकळा झाला. वाढपाच्या बायकांनी भांडी नळाखाली घासून, पुसून परत जागेवर ठेवून दिली होती. स्टुलं पुन्हा चित्रांपुढं ओढली होती. फक्त कुठलं भांडं कुठल्या चित्रापुढं होतं, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. दोन रविवारची आमची भांडणं पाण्यात गेली होती.

"लावा परत," मी म्हणाले आणि स्टेशनच्या बाकापासून सुरुवात केली. बाकापुढं लोणच्याचा वाडगा होता, तो हलवला. शिवणयंत्रापुढं एक झाकण नुसतंच ठेवलं होतं, खाली भांडंच नव्हतं, ते उचललं. मग मी विहिरीपाशी आले.

ते चित्र मी एका एप्रिलमध्ये काढलं होतं. गावाबाहेरची दगडी विहीर, वरून बघितलेली. पिवळट, तपकिरी, करड्या रंगाचे दगड, आणि तळाशी अंधार. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं आणि सगळ्यात उदासही. त्याच्यापुढं आता सुरई नव्हती. निळी ताटली होती. चित्राच्या पायथ्याशी, खाली, तो एवढासा निळा गोल. नजर आधी विहिरीच्या दगडांवरून उतरत खाली अंधारात जायची आणि तिथून आणखी खाली, त्या निळ्यावर येऊन थांबायची. तळाला पाणी लागल्यासारखं वाटत होतं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"तू ठेवलीस?" मी विचारलं.

"न्हाई," पोरगी म्हणाली. ती चित्रासमोर उकिडवी बसली. मग म्हणाली, "आपल्या दोघींच्याही डोक्यात हे आलं नव्हतं."

आम्ही आत्याबाईंना विचारलं. त्या साड्यांच्या पिशव्या आवरत होत्या. "आमी कशाला ठरवतोय? जागा दिसली तिथं ठेवलं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात नळापाशी मोठं पातेलं घासणारी एक बाई मागं वळली. चाळिशीची असेल. केटरिंगवाल्याकडं भांडी घासायला येणारी. हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले.

"ती निळी म्या ठेवली," ती म्हणाली. "चुकलं का?"

"नाही, नाही. पण तिथंच का ठेवली?"

ती जरा लाजली. "हीर लई कोरडी दिसत व्हती," ती म्हणाली.

बावीस वर्षांत माझ्या चित्राकडं बघून कुणी मला असं काही बोललं नव्हतं. किती दिवस लागले ते नाही, फोटोसारखं आहे असंही नाही. तिला ती विहीर कोरडी वाटली होती आणि तिनं तिला पाणी दिलं होतं. मी तिला हात धुवायला लावून आत घेऊन आले. पदराला हात पुसत ती चित्रासमोर उभी राहिली.

"ही बाभूळवनाकडली हीर न्हवं?"

"हो! ओळखलीत?"

"मग. आष्टीकडून लगीन होऊन आले तवा त्या बाजूलाच ऱ्हायचो आमी. पर बाई, पायऱ्या कावून थांबवल्या मधीच?"

"खाली अंधार आहे ना. दिसत नाहीत."

"दिसत्यात. उन्हाळ्यात पार तळापतुर दिसत्यात. तुमी वाकून बघितलं न्हाई."

नव्हतंच बघितलं. काठापासून पाच पावलं मागं उभं राहून काढलं होतं ते चित्र. मला उंचीची भीती वाटते.

त्या संध्याकाळी आम्ही जोड्या पुन्हा लावल्या नाहीत. सात होत्या तशाच ठेवल्या. चार मात्र फारच विनोदी झाल्या होत्या, त्या बदलल्या. शिवणयंत्रापुढच्या झाकणाला त्याचं भांडं शोधून दिलं, ते गॅरेजच्या चित्रापुढं सापडलं. पाट्या मी परत लावल्या नाहीत. लावणार तरी कशा? एकीकडं 'हात लावू नये' आणि दुसरीकडं 'कमी तिखट'.

रविवारी गर्दी झाली. साखरपुड्याला आलेल्यांनी घरोघरी सांगितलं होतं, कार्यालयात मातीच्या भांड्यात जेवलो आणि भिंतीवर आपलंच गाव होतं. बायका घोळक्यानं आल्या. त्यांनी भांडी हाताळली, आणि आता मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण भांडं हातात घेऊन त्या चित्रासमोर उभ्या राहत होत्या. हातात काहीतरी असलं की माणूस जास्त वेळ थांबतो, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी मेंढरांचे मालक आले. धनगर मामा, डोक्याला लाल पटका, सोबत त्यांच्या कारभारीण. त्यांच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसायला होत्या तेव्हा मी ते चित्र काढलं होतं. मामा चित्रासमोर उभे राहिले आणि बोटानं मोजू लागले. दोनदा मोजलं.

"बाई, मेंढरं आमचीच न्हवं ही?"

"तुमचीच, मामा."

"मग एकवीसच कशी? बाकीची कुठं गेली?"

"बाकीची चित्राच्या बाहेर आहेत. तेवढीच मावली."

मामांनी चौकटीच्या उजव्या बाजूला, कोऱ्या भिंतीकडं बघितलं. मग मान डोलवली. "मग ठीक हाय. कुत्रं असंल त्यांच्यासंगं."

त्यांच्या कारभारणीनं पुढं ठेवलेला खरखरीत पांढरा वाडगा दोन्ही हातांत घेतला, अंगठा आतून फिरवला आणि म्हणाल्या, "लोकरीवानी लागतंय." पोरीनं तो वाडगा तिथंच त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो पदराच्या घडीत इतका सावकाश, जपून ठेवला की मामांना मागं वळून सांगावं लागलं, "अगं, चाल की आता."

भांडी बहुतेक सगळी गेली. आत्याबाईंनी सहा वाडगे नवरीच्या रुखवताला घेतले. माझं एक चित्र गेलं, ज्वारीच्या रानाचं, नवऱ्या मुलाच्या घरी. फोटोत मागं तेच होतं म्हणून त्यांना ते हवं होतं. गॅरेजचं चित्र अब्बांनी न विचारताच उचललं आणि आपल्या गॅरेजात टायरांच्या वर टांगलं. आता तिथं गेलं की गॅरेजमध्ये गॅरेज दिसतं. गिऱ्हाईक आलं की ते चित्रातल्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवून सांगतात, "ये भी मैंने दुरुस्त किया था."

विहिरीला मागणी आली होती. एका डॉक्टरांना ती दवाखान्यात लावायची होती. मी म्हणाले, थोडं काम राहिलंय.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी भांडी घासणाऱ्या त्या बाईला स्कुटीवर मागं बसवून विहिरीवर गेले. ती काठाशी सहज जाऊन वाकली. मी पाच पावलं मागं थांबले, सवयीनं. तिनं मागं बघितलं, आली, आणि माझा दंड धरून मला काठापर्यंत नेलं. "खाली बसा आन् मग वाका. भ्या वाटत न्हाई," ती म्हणाली. मी दगडावर बसले, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि वाकले.

पायऱ्या खालपर्यंत जात होत्या. ऊन तिरपं पडलं होतं, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला त्याची एक बारीक रेघ होती. तळाशी थोडं पाणी होतं, हिरवट, त्यात एक कबुतर उतरून पीत होतं. मी तिला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." ती म्हणाली, "मग! मी काय खोटं बोलतेय?"

मी पिशवीतून वही काढली. पहिल्या दोन रेघा वाकड्या आल्या. ती शेजारी बाभळीच्या सावलीत बसली, चप्पल काढून पाय लांब केले.

"काढा निवांत," ती म्हणाली. "मला बारा वाजता पंगतीला जायचंय, तवर काय घाई न्हाई."